माल उतरेपर्यंत बोट हलत नाही: पॅसिफिकमधली 'अरानुई' आणि तिच्या बहिणी

बंदरावरची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय.

माझं लहानपण वेंगुर्ल्याचं. मुंबईहून बोट यायची तेव्हाची गोष्ट. बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि मग किनाऱ्यावरून पडाव सुटायचे. माणसं, ट्रंका, गुंडाळलेल्या वळकट्या, मुंबईहून आलेली कापडाची गाठोडी, सगळं पडावात. माझे वडील बंदरावर मालाचा हिशेब ठेवायचे, त्यामुळे बोटीचा भोंगा झाला की आमच्या घरात जेवण अर्धं टाकून उठायची पद्धत होती. ती बोट बंद झाली, नंतर एसट्या, मग कोकण रेल्वे. ते चित्र मी संपलं असंच धरून चालले होते.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात पॅसिफिकमधल्या 'अरानुई' नावाच्या जहाजाबद्दल वाचलं. फ्रेंच पॉलिनेशियात ताहिती बेटावरच्या पापीएतेहून निघतं, तुआमोतू बेटांपैकी एखाददुसरं प्रवाळबेट करून मार्केसास बेटांना जातं आणि साधारण बारा दिवसांत परत. पुढच्या अर्ध्या भागात क्रेन आणि माल, मागच्या अर्ध्यात प्रवासी. म्हणजे सिमेंट, डिझेल, फ्रीज, बिअर, मोटारी आणि त्यांच्याबरोबर अडीचशेच्या आसपास माणसं. एका फोटोत बोट बाहेर उभी आहे आणि छोट्या होड्या किनाऱ्याकडे चालल्यात, तो बघून मी खूप वेळ तशीच बसून राहिले.

पुढच्या वर्षी लग्नाला तीस वर्षं होतील, दोघांनी साठवलेले पैसे आहेत. प्रश्न असा की ही बोट खरंच त्या बेटांसाठी चालते, का आमच्यासारख्यांना जुन्या दिवसांचा देखावा दाखवायला? कोणी गेलंय का? अशा बोटींवर काम केलेलं कोणी आहे का इथे?

मिसळभाकर
वाचनखूण साठवली. तीस वर्षांबद्दल आगाऊ अभिनंदन ताई!

शंकासुर
ताई, मन दुखवायचं नाहीये पण मला हे क्रूझच वाटतं. मी त्यांची माहिती बघितली, स्विमिंग पूल आहे, स्पा आहे, बार आहेत, व्याख्यानं आहेत. ज्या बोटीवर मसाज मिळतो तिला मालवाहू म्हणायचं का? पुढे चार कंटेनर ठेवले की पर्यटकाला बरं वाटतं, आपण काहीतरी खरं बघतोय म्हणून. पैसा प्रवाशांचाच असणार, मालाचं फक्त नाव.

थर्ड_इंजिनिअर
शंकासुर, प्रश्न रास्त आहे पण उत्तर चुकलंय. सविस्तर लिहितो. मी 'अरानुई'वर काम केलेलं नाही हे आधीच सांगतो. ऑकलंडहून फिजी, सामोआ, टोंगा अशा फेऱ्या करणाऱ्या छोट्या मालबोटीवर इंजिनरूममध्ये होतो, काही वर्षं. पापीएतेला 'अरानुई' माल भरताना मात्र धक्क्यावर उभं राहून बघितलीय.

मालबोटीवर प्रवासी बारापर्यंतच का असतात माहितीये? बारापेक्षा जास्त घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांत ती प्रवासी बोट ठरते. मग लाइफबोटी वेगळ्या, आगीसाठीच्या भिंती आणि दारं वेगळी, बोटीला भोक पडलं तरी किती वेळ तरंगली पाहिजे त्याचा हिशेब वेगळा. खर्च एकदम उडी मारतो. म्हणून बहुतेक मालक बाराच्या आत राहतात किंवा माल सोडून सरळ क्रूझमध्ये शिरतात. दोन्ही एका सांगाड्यात बसवायचं हे खर्चिक काम आहे, केवळ फोटोसाठी कोणी करणार नाही. 'अरानुई'वाल्यांनी १९८४ पासून प्रवासी घ्यायला सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधीपासून माल नेत होते.

दुसरं म्हणजे माल भरायची पद्धत बघा. सात-आठ ठिकाणी थांबायचंय, त्यामुळे शेवटच्या बेटाचं सामान सगळ्यात आधी आणि खाली, पहिल्या बेटाचं शेवटी आणि वर. त्यात डिझेलचे पिंप खाण्याच्या मालाशेजारी नकोत, गॅसच्या टाक्या उघड्या डेकवर, जड माल खाली, आणि एका बाजूला वजन जास्त झालं तर बॅलास्टचं, म्हणजे तोलासाठी टाक्यांत भरलेलं पाणी इकडून तिकडे पंप करायचं. प्रत्येक बेटावर काही उतरतं, काही चढतं, म्हणजे बोटीचा तोल दर थांब्यावर नव्याने मांडायचा. हे सगळं चीफ ऑफिसरच्या डोक्यात आणि कागदावर असतं. आणि गावातल्या बाईने मागवलेलं वॉशिंग मशीन चुकून दुसऱ्या बेटाच्या मालाखाली गेलं तर तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. धक्क्यावर तिला तोंड कोण देणार? कप्तान नाही, सुपरकार्गो, म्हणजे बोटीवर मालाचा हिशेब सांभाळणारा. बोटीवरच्या सगळ्यात जास्त बोलणी खाणाऱ्या माणसाचं ते पद आहे.

स्पा असेल, असू दे. तो सुपरकार्गो देखावा नाही.

कोळीवाडा
वा काका, सुपरकार्गोचं एक नंबर.

बॅलास्टबद्दल एक विचारायचं होतं, क्रेनने मोठा बार्ज (माल नेणारी सपाट होडी) उचलून बाजूला काढला की बोट त्या बाजूला कलते ना? प्रवासी जेवत असताना ताटं सरकत असतील.

थर्ड_इंजिनिअर
@कोळीवाडा, कलते. पण हळू आणि थोडी, प्रवाशाला कळतही नसेल. खरा घाम फुटतो तो बार्ज पाण्यात उतरल्यावर. बोट एका तालात वरखाली, बार्ज दुसऱ्या तालात. हुकाला चार टनांची वस्तू आहे आणि खाली बार्जमध्ये दोन माणसं उभी आहेत. लाट बार्जला वर घेऊन आली की त्या क्षणी माल टेकवायचा आणि हूक सोडवायचा. एक क्षण उशीर झाला तर बार्ज खाली जातो, दोर ताणला जातो आणि झटका थेट क्रेनला बसतो. हे हाताच्या खुणांवर चालतं, आवाज ऐकू येत नाही. क्रेन चालवणारा आणि खालचा खलाशी यांचं नातं संसारासारखं असतं, एकमेकांकडे न बघता कळायला लागतं.

फिरस्ता
मी गेलोय! २०१८ मध्ये, याच बोटीवर, म्हणजे 'अरानुई ५'. लांबी १२६ मीटर, चीनमध्ये बांधलेली, डिसेंबर २०१५ पासून फेऱ्या मारतेय. शंकासुर म्हणतात तो पूल आहे, पण आमच्या फेरीत त्यात फारसं कोणी उतरलं नाही, सगळे पुढच्या डेककडे तोंड करून रेलिंगला टेकलेले असायचे, क्रेन बघत.

मला काय दिसलं ते सांगतो, निष्कर्ष तुम्ही काढा.

पापीएते सोडल्यावर एका प्रवाळबेटावर थांबलो, मग पुढचा अख्खा दिवस फक्त समुद्र. ताहिती ते मार्केसास चौदाशे-पंधराशे किलोमीटर अंतर आहे, म्हणजे मुंबईहून दिल्लीपेक्षा जास्त, आणि तुआमोतूंची बेटं मागे पडली की मध्ये काही म्हणजे काही नाही. मग सकाळी मार्केसासमधलं नुकू हिवा बेट. त्या बेटांभोवती प्रवाळाची कडा जवळपास नाहीच, त्यामुळे उघड्या महासागराची लाट थेट कातळावर येऊन आपटते. डोंगर काळे, उभे, वर ढगात गेलेले. सह्याद्रीचे कडे समुद्रातून बाहेर काढल्यासारखे.

तिथल्या ताइओहाए गावाच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा किमान पन्नास पिकअप गाड्या रांगेत होत्या. त्यातले बहुतेक लोक आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते! सगळ्यांचे डोळे क्रेनवर. एका म्हाताऱ्या गृहस्थांची गादी आली, नवी कोरी, प्लास्टिकमध्ये. त्यांनी ती गाडीत टाकली आणि वर स्वतः आडवे झाले, नातू गाडी चालवत घेऊन गेला. एका शाळेचं सामान आलं, कुणाची दारंखिडक्या आली. आम्ही गाव फिरून दुपारी परत आलो तरी काम चालूच. वेळापत्रकात निघायची वेळ दिलेली असते पण माल उतरल्याशिवाय बोट सुटत नाही.

ताई, तुमच्या फोटोतलं दृश्य बहुतेक फातू हिवा किंवा ताहुआताचं असेल. तिथे मोठी बोट लागेल असा धक्का नाही आणि दोन्ही बेटांवर विमानतळही नाही. बोट बाहेर उभी राहते आणि बार्ज जातात. प्रवाशांनाही त्यातूनच नेतात. खलाशी हे एवढे दांडगे, खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेले, ते लाट बघतात, आणि मग तुमचे दोन्ही दंड धरून उचलून थेट आत ठेवतात. माझ्यासमोर एका ऐंशीच्या पुढच्या फ्रेंच आजींना त्यांनी फुलासारखं ठेवलं. तोच खलाशी अर्ध्या तासाने सिमेंटची गोण तशाच हाताने ठेवत होता. आणि तोच रात्री जेवणानंतर युकुलेले वाजवत होता, बोटीवरचा बँड खलाशांचाच आहे.

मिसळभाकर
सिमेंटची गोण, आजी आणि युकुलेले, तिन्ही एकाच हाताने. या माणसाला माझा दंडवत.

तळटीप
काही गोष्टी आठवल्या त्या टाकतो.

'अरानुई'चा अर्थ मोठा मार्ग, हमरस्ता म्हणा. तिसरी 'अरानुई' २००३ मध्ये आली आणि त्यानंतर थेट पाचवी! चौथी नाहीच. मालक कुटुंब ताहितीतलं चिनी वंशाचं आहे आणि चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो, म्हणून चार आकडा वगळला.

मार्केसासचं घड्याळ ताहितीच्या अर्धा तास पुढे असतं. आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं गणित, त्यामुळे तिथून घरी फोन करताना हिशेब सोपा, बरोबर पंधरा तासांचा फरक.

तिथले लोक स्वतःच्या बेटांना जे म्हणतात त्याचा अर्थ 'माणसांची भूमी'. २०२४ मध्ये ही बेटं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट. परतीच्या प्रवासात ही बोट काय आणते? कोप्रा! म्हणजे आपलं सुकं खोबरं. हा शब्द मुळात मल्याळममधला 'कोप्परा', पोर्तुगीजांच्या तोंडून जगभर गेला. आपल्या किनाऱ्यावरचा शब्द पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला बोटीच्या कागदांवर लिहिला जातो.

बंदरावरची
अगंबाई, खोबरं! आमच्या माळ्यावर वाळत घातलेलं असायचं. @फिरस्ता, तुम्ही बघितलं का कसं करतात?

फिरस्ता
बघितलं ना. नारळ फोडून वाट्या उन्हात, पण खाली फळ्यांचा मंच आणि वर पत्र्याचं छप्पर जे ढकलून पुढेमागे करता येतं. पाऊस आला की पोरं पळत जाऊन छप्पर ओढतात. आपल्याकडे खळ्यातलं वाळवण उचलायला जशी धावपळ तशीच. मग गोणी भरून धक्क्यावर. सरकार खोबऱ्याला ठरलेला भाव देतं, त्यामुळे ज्याच्याकडे नोकरी नाही पण माडाची झाडं आहेत त्याच्या हातात रोख पैसा येतो तो यातूनच. पापीएतेला तेलाची गिरणी आहे, तिथे जातं. शिवाय नोनी नावाच्या फळाची पिंपं, लिंबं, पपनस आणि गॅसच्या रिकाम्या टाक्या, बिअरच्या रिकाम्या बाटल्या.

थर्ड_इंजिनिअर
खोबऱ्याचा विषय निघाला तर सांगतो, दिसायला गरीब माल पण बोटीवरचा तापट पाहुणा. नीट न वाळलेलं खोबरं बंद हॅचमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात) आतल्या आत तापतं, हवा खेळती नसेल तर आपोआप पेटतं सुद्धा. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आहे त्याचं. आम्ही गोणीत हात घालून बघायचो, गरम लागली तर बाहेर. आणि त्यातले ते छोटे निळसर किडे! चावत नाहीत पण चहात, अंथरुणात, कानात, सगळीकडे. वास तर कपड्यांतून आठवडाभर जात नाही. माझी बायको मुंबईत बॅग उघडायच्या आधीच ओळखायची की ह्या खेपेला खोबरं होतं.

शंकासुर
बरं, मी काही अंशी मागे येतो. सुपरकार्गो आणि गादीवाले आजोबा पटले. पण माझा मूळ मुद्दा पैशाचा होता. प्रवासी आले नाहीत तर बोट चालेल का? बेटांचं जगणं परदेशी प्रवाशांच्या हौसेवर टांगून ठेवणं बरोबर आहे का?

फिरस्ता
ही एकच बोट नाहीये. 'तापोरो' नावाची मालबोट पण मार्केसासला जाते, तिच्यात स्पा नाही, पूल नाही, काही नाही. त्यामुळे टांगून ठेवलंय असं नाही म्हणता येणार. पण दोन बोटी असल्या की फेऱ्या जास्त होतात आणि माझ्या मते प्रवाशांच्या भाड्यामुळे एवढी मोठी नवी बोट परवडते. लाकडावर कोरीव काम करणारे, फातू हिवावर झाडाच्या सालीपासून तापा कापड करणाऱ्या बाया, त्यांची विक्री बोट येते त्या दिवशीच होते. एका बाईने मला विचारलं कुठून आलास, म्हटलं भारत, तर म्हणाली माझा मुलगा या बोटीवर काम करतो. मला आवडलं ते. ती बोट तिच्या घरातली होती.

ऑकलंडकर
उशिरा आलो धाग्यावर. न्यूझीलंडमधून ज्या बोटी हलतात त्याबद्दल सांगतो म्हणजे शंकासुरच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसेल.

टोकेलाऊ नावाची तीन प्रवाळबेटं आहेत, वस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही. सामोआतल्या आपियाहून बोटीने जायचं, एक दिवसाहून जास्त लागतो. 'मातालिकी' नावाची बोट आहे, म्हणजे कृत्तिका नक्षत्र, आणि ती बांधली चितगावला, बांगलादेशात. तिथेही बोट बाहेर थांबते आणि प्रवाळाच्या कडेतल्या फटीतून होड्या आत जातात. आजारी माणूस, बाळंतीण, शिक्षक, तांदूळ, पेट्रोल, सगळं त्याच बोटीने. तिथे पर्यटक जवळपास नाहीत म्हणजे भाड्यातून खर्च निघणं शक्यच नाही, सरकारी पैशावर चालते.

पिटकर्न बेटाची तर वस्ती पन्नासच्या आत. न्यूझीलंडच्या तौरांगाहून माल घेऊन बोट जाते आणि फ्रेंच पॉलिनेशियातल्याच मांगारेवा बेटावरून माणसं नेते, फक्त बारा प्रवासी. (थर्ड इंजिनिअर काकांचा बाराचा नियम इथे बरोबर दिसतो.) गावातली माणसं स्वतः लाँगबोट घेऊन बोटीला सामोरी येतात, कारण गावात हात मोजकेच, ज्याला जमतं तो येतो.

म्हणजे तीन रस्ते झाले. एक सरकारने चालवायची, एक फक्त मालावर, आणि एक प्रवाशांना सोबत घेऊन. तिसरा वाईट नाही.

ताईंना एक गंमत सांगतो. ऑकलंडहून ताहितीला जाताना मध्ये तारीखरेषा लागते. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, शनिवारी दुपारी उपासाचं खाऊन विमानात बसली आणि शुक्रवारी रात्री उतरली. दुसऱ्या दिवशी परत शनिवार. म्हणाली मारुतीनेच बोलावलंय तर दोन करते.

मिसळभाकर
आईंना साष्टांग नमस्कार. खरी भक्ती तारीखरेषेपलीकडची.

जपानी_चहा
आमच्याकडचं पण एक. तोक्योपासून दक्षिणेला हजार किलोमीटरवर ओगासावारा बेटं, तोक्योचाच भाग, पण विमान नाही. 'ओगासावारा मारू' ही बोट सकाळी अकराला ताकेशिबाच्या धक्क्यावरून निघते आणि दुसऱ्या दिवशी अकराला पोचते, चोवीस तास. सध्याची बोट २०१६ ची, अकरा हजार टनांची. बेटावर दूध, भाजी, टपाल जे यायचं ते हिच्यातूनच. बोट आल्याच्या दिवशी तिथल्या दुकानात गर्दी आणि ती परत निघाली की दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत जातात, गावाची सगळी दिनदर्शिका बोटीवर चालते.

मी चार दिवस राहून परत निघाले तेव्हा गावातले लोक धक्क्यावर ढोल वाजवत होते आणि मग लहान होड्या आमच्या बोटीच्या दोन्ही बाजूंनी धावायला लागल्या, बराच वेळ, आणि शेवटी होडीवरची पोरं एकेक करून समुद्रात उड्या मारायला लागली. हात हलवत. ते 'या पुन्हा' म्हणत नाहीत, घरातलं माणूस बाहेर जाताना जे म्हणतात ते म्हणतात, आपलं 'जाऊन ये'. मी अनोळखी होते आणि रडत होते.

वाळूत_रेघ
सगळे छान छान लिहितायत, थोडं दुसरं पण लिहू द्या. अशा बोटींवर ज्यांचं जगणं अवलंबून असतं त्यांना बोट निवडता येत नाही. टोंगात ५ ऑगस्ट २००९ च्या रात्री 'प्रिन्सेस आशिका' बुडाली, ७४ माणसं गेली, त्यात बाया आणि मुलं जास्त होती कारण ती खालच्या डेकवर झोपली होती. नंतर चौकशी आयोगाने सांगितलं की ती बोट समुद्रात जाण्याच्या लायकीची नव्हती. पुढच्या वर्षी जपानच्या मदतीने नवी बोट आली.

माझ्या आजोळी रेवसजवळ 'रामदास' बोटीचं नाव अजून हळू आवाजात घेतात. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजीचा सख्खा भाऊ त्यात होता. त्यामुळे कोणी जुन्या बोटींचं कौतुक केलं की मला आधी विचारावंसं वाटतं, जॅकेटं किती होती?

कोळीवाडा
@वाळूत_रेघ, बरं केलंत लिहिलंत. आमच्याकडेही त्या दिवशीच्या गोष्टी आहेत, मासळी सोडून बुडणारी माणसं होडीत घेतलेल्यांच्या.

थर्ड_इंजिनिअर
जॅकेटं किती, हा अगदी योग्य प्रश्न आहे. आणि म्हणूनच बारापेक्षा जास्त प्रवासी घेणाऱ्या बोटीवरचे ते नियम कटकटीचे वाटले तरी हवेत. मी ज्या बोटीवर होतो तिथे एकदा पंप बिघडलेला असताना निघायचा आग्रह झाला होता. चीफ इंजिनिअर गोव्याचे होते, त्यांनी इंजिनरूमच्या जिन्यावर बसकण मारली आणि म्हणाले पंप चालू होईपर्यंत मी इथून उठत नाही. अठरा तास बोट धक्क्यावर. बेटावरचे लोक चिडले असतील, त्यांचं पीठ-साखर आमच्याकडे होतं. पण मला नोकरीतला कुठला दिवस आठवायचा तर तो आठवतो.

कोळीवाडा
मला कौतुक वाटतं ते मार्केसासमधल्या उआ हुका बेटाच्या बंदराचं. @फिरस्ता, वाईपाएची खाडी अगदी चिंचोळी आहे म्हणे आणि तिथे एवढी बोट फिरवतात?

फिरस्ता
हो! ते लिहायचं राहूनच गेलं, सगळ्यात भारी तेच. पहाटे सगळे प्रवासी डेकवर जमलेले, कुणी सांगायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये पाणी इतकं अरुंद की वाटतं हात लांब केला तर खडकाला लागेल. १२६ मीटरची बोट तिथे जागच्या जागी उलटी फिरवतात, तोंड समुद्राकडे, कारण वारा-लाट वाढली तर थेट बाहेर पडता आलं पाहिजे. मग दोन लहान होड्यांतून जाडजूड दोरखंड दोन्ही कड्यांकडे नेतात, एकजण लाटेच्या उसळीबरोबर खडकावर उडी मारतो आणि दोर तिथल्या खुंट्याला अडकवतो. बोट मध्ये दोन्हीकडून बांधलेली, कोळ्याच्या जाळ्यात किडा असतो तशी. तेवढा वेळ अडीचशे माणसांत कोणी बोललं नाही. उडी मारणारा नीट उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याने मागे वळूनही बघितलं नाही, दुसरा दोर घ्यायला लागला.

कोळीवाडा
टाळ्यांकडे बघितलं तर पाय घसरतो. आमचे तांडेल पण असेच, काम चालू असताना त्यांच्याशी बोललेलं चालत नाही.

चिकूवाडी
शाकाहारी लोकांचं काय तिथे? माझा तेवढाच प्रश्न.

फिरस्ता
@चिकूवाडी, आधी कळवलं तर करतात. बेटांवर नीरफणस भरपूर, भाजलेला, तळलेला, आंबवून केलेली पोपोई (आंबट चव आहे, सवय लागते). केळी, रताळी, पपनस. मासे खाणाऱ्याची मात्र चंगळ, लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा रोज. गावजेवणात जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून शिजवतात, आपल्या पोपटीची आठवण येते.

वेळणेश्वरी
नीरफणसाच्या कापा रवा लावून! तिथे रवा मिळतो का? मी नेईन.

शंकासुर
फिरस्तांनी ती खाडी लिहिली आणि मी नकाशात जाऊन बघून आलो. ताई, माझं मत बदललं. मी आधी म्हणालो तो देखावा नाही. प्रवासी त्या कामाला चिकटलेत, काम त्यांच्यासाठी केलेलं नाही. पण जाताना एवढं लक्षात ठेवा की धक्क्यावर आपण वाटेत उभे राहू नये, त्यांचा कामाचा दिवस आहे तो.

बंदरावरची
कालपासून सगळं दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. इथे उत्तर मिळेल अशी आशा होती, पण एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

शंकासुर, तुमचं शेवटचं वाक्य माझे वडील रोज म्हणायचे. "वाटेत उभी राहू नको, माल येतोय." मी सात-आठ वर्षांची, मला पडाव जवळून बघायचा असायचा. एकदा मी ऐकलं नाही आणि एका हमालाने मला काखोटीला मारून बाजूला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं, काही न बोलता, आणि परत कामाला. मला तिथून सगळं बंदर दिसलं. फिरस्तांनी आजींना उचलल्याचं लिहिलं तेव्हा मला तो हमाल आठवला, त्याच्या बंडीचा मिठाचा वास आठवला. पन्नास वर्षांत आठवला नव्हता.

वाळूत_रेघ, तुमच्या आजीच्या भावाचं वाचून गप्प झाले. आमच्याकडेही आई बोट नजरेआड होईपर्यंत पदर तोंडाला लावून उभी असायची, आम्हाला वाटायचं ऊन लागतंय.

आम्ही जायचं ठरवतोय. मार्केसासमधल्या हिवा ओआ बेटावर चित्रकार पॉल गोगँची कबर आहे असं ह्यांना कळलंय त्यामुळे तेही तयार झाले. आता व्यवहाराचं सांगा. व्हिसा? आणि मला बोट लागते, लहानपणी नाही लागायची पण आता घारापुरीच्या लाँचमध्येही लागते.

ऑकलंडकर
गोगँशेजारीच गायक जाक ब्रेलचीही कबर आहे, त्याच दफनभूमीत, आतुओना गावात. चढ आहे, काठी न्या.

व्हिसाचं: साधा शेंगेन चालत नाही, फ्रान्सच्या सागरापलीकडच्या प्रदेशांसाठी वेगळा लागतो, अर्जात फ्रेंच पॉलिनेशिया स्पष्ट लिहा. आमच्याकडून जाणार असाल तर न्यूझीलंडचंही आधी तपासून घ्या. आणि एक रात्र आमच्या घरी मुक्काम, हे आमंत्रण समजा.

फिरस्ता
खोली घेताना खालच्या मजल्यावरची आणि मधल्या भागातली मागा, तिथे हलणं कमी. पहिला समुद्राचा दिवसच जड जातो. रबरी चपला न्या, ज्या पायातून निसटत नाहीत अशा, बार्जमध्ये घोट्यापर्यंत पाणी येतं.

थर्ड_इंजिनिअर
रिकाम्या पोटी राहू नका, तीच चूक सगळे करतात. कोरडं काहीतरी खा, डेकवर या, क्षितिजाकडे बघा. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्यायची, सुटल्यावर नाही. आणि वहिनी, माल उतरताना पुढच्या डेकच्या वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात जागा मिळाली तर बघा, तिथून हूक, बार्ज आणि किनारा तिन्ही एका रेषेत दिसतात. वाटेतही येत नाही कोणाच्या.

वेळणेश्वरी
आलेपाक न्या गं सोबत. मी करून पाठवते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

बंदरावरची
@वेळणेश्वरी, केला व्यनि. जास्त पाठव, खलाशांनाही देईन.